आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी

हॉरर सिनेमे बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कधी ना कधी 'द शायनिंग'चा विषय निघतोच. स्टॅनली कुब्रिकच्या या १९८० च्या सिनेमाचा शेवट आठवतोय? बर्फात अडकलेलं ते रिकामं हॉटेल, भिंतीवरचा एक जुना ग्रुप फोटो, हळूहळू त्याच्या जवळ सरकणारा कॅमेरा आणि मागे वाजणारं एक मऊ, संथ गाणं. फोटो बघून काटा येतोच, पण खरी भीती वाटते ती त्या गाण्याची. इतकं गोड गाणं अशा जागी वाजतंच कसं?

आता दुसरी आठवण, २०२० च्या शेवटची. सगळे घरात अडकलेले. 'एव्हरीव्हेअर अ‍ॅट द एंड ऑफ टाइम' नावाचा साडेसहा तासांचा अल्बम एका बैठकीत ऐकायचा, असं चॅलेंज टिकटॉकवर जगभर पसरलं. आपल्याकडे टिकटॉक तोवर बंद झालं होतं, तरी क्लिप्स यूट्यूब आणि रील्समधून पोचल्याच. 'द केअरटेकर' या नावाने काम करणाऱ्या लेलँड कर्बी या ब्रिटिश कलाकाराने जुन्या रेकॉर्ड्सचे तुकडे घेतले, ते झिजवले, विस्कटले आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं मन कसं रिकामं होत जातं ते सहा टप्प्यांत मांडलं. त्याचा अगदी पहिला ट्रॅक १९३१ च्या एका रेकॉर्डवरून बनलाय.

तिसरी आठवण जरा हलकी आहे. 'अ‍ॅमेली' हा गोड फ्रेंच सिनेमा फिल्म क्लबमध्ये पाहिला असेल, तर त्यातही एक जुनं इंग्रजी गाणं येतं.

या तिन्ही रेकॉर्ड्सवर गायक एकच आहे. त्याचं नाव अल बोली. हो, आडनाव आपल्या बोलीभाषेतल्या 'बोली'सारखंच. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये घराघरात हा आवाज होता. आज जगभर 'जुनं काहीतरी' दाखवायचं असलं की हाच आवाज लावला जातो. नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं. गंमत म्हणजे तो जिवंत असतानाही बऱ्याचदा हेच घडत होतं.

खुर्ची, कात्री आणि बँजो

अल बोलीचा आवाज आज 'जुन्या इंग्लंडचा आवाज' म्हणून ओळखला जातो, पण तो जन्माने इंग्लिश नव्हता. वडील ग्रीक, आई लेबनॉनची. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या प्रवासात दोघांची गाठ पडली आणि संसार थाटला तो थेट आफ्रिकेत. अलचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी लोरेन्सो मार्केस या शहरात झाला. तेव्हा तिथे पोर्तुगीजांची सत्ता होती. आज ते मोझांबिकची राजधानी मापुटो म्हणून ओळखलं जातं. कुटुंब पुढे दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला गेलं आणि अल तिथेच वाढला.

म्युझिक कॉलेज वगैरे काही नाही. पोरगा सलूनमध्ये केस कापायचा. काही काळ त्याने घोड्यांच्या शर्यतीत जॉकी म्हणूनही काम केलं. जोडीला युकुलेली, बँजो, गिटार ही तारांची वाद्यं हाताला लागली आणि गळा तर होताच. १९२० च्या दशकात एडगर अ‍ॅडलर नावाच्या पियानोवादकाने दौऱ्यासाठी डान्स बँड जमवला, तेव्हा अल कात्री ठेवून त्याच्यासोबत निघाला.

डान्स बँड म्हणजे काय, हे इथेच सांगायला हवं. दहा-पंधरा वादक, त्यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, पियानो, बँजो किंवा गिटार, बास आणि ड्रम्स. अमेरिकन जॅझचा उधळलेला घोडा जरा आवरून हॉटेलातल्या लाकडी फ्लोअरवर चालेल असा केला की ब्रिटिश डान्स बँड तयार. लोक फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झ नाचायला येत. ताल पक्का हवा, कारण नाचणाऱ्यांची पावलं चुकता कामा नयेत. बँड ऐकायला यायची पद्धत नंतर आली.

कलकत्त्याचा मुक्काम

त्या काळी जिथे जिथे ब्रिटिश सत्ता, तिथे तिथे मोठी हॉटेलं आणि हॉटेल म्हटलं की बँड. अ‍ॅडलरचा बँड दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया, भारत असं करत इंडोनेशियापर्यंत गेला. तिथे सुराबाया शहरात अ‍ॅडलर आणि अलचं बिनसलं आणि अलला बँडमधून काढून टाकलं. खिशात पैसे नाहीत, परका देश, घर दोन समुद्रांपलीकडे. पंचविशीतल्या पोराची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना येते.

त्याला पुन्हा काम मिळालं ते जिमी लेक्विम या बँडप्रमुखाकडे. लेक्विमचा बँड कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवायचा. चौरंगीवरचं हे हॉटेल आजही उभं आहे. तिथून सिंगापूरचं प्रसिद्ध रॅफल्स हॉटेल. पूर्वेकडच्या या दिवसांत मोनिया लिटर या पियानोवादकाशी त्याचं जमलं आणि पुढे लंडनमध्येही दोघे एकत्र वाजवत राहिले. म्हणजे ज्या आवाजाला लंडनने डोक्यावर घेतलं, तो जोहान्सबर्ग, कलकत्ता आणि सिंगापूरच्या हॉटेलांमध्ये घडलेला होता.

१९२७ मध्ये तो बर्लिनला पोचला. अ‍ॅडलरशी तोवर पुन्हा जुळलं होतं. तिथे त्याने अर्व्हिंग बर्लिन या अमेरिकन संगीतकाराचं 'ब्लू स्काइज' रेकॉर्ड केलं. त्याच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्ड्सपैकी ही एक. बर्लिन शहर आणि बर्लिन हा संगीतकार ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, शेवटी परत येतील.

माइक आला आणि गाणं बदललं

अल बोली मोठा का झाला, हे कळायला थोडं तंत्रज्ञान समजून घ्यावं लागतं. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंगला माइक नसायचा. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून जोरात गायचा. आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. हळू गाणाऱ्याचं तिथे काम नव्हतं. स्टेजवरही तेच. मागे ट्रम्पेट वाजत असताना ऐकू जायचं तर गळा फाडायला हवा.

१९२५ पासून माइक आणि विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं. आता कुजबुजही तबकडीवर उतरायला लागली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी याचा फायदा उचलला आणि माइकच्या अगदी जवळ जाऊन, जणू एकाच माणसाशी बोलल्यासारखं गायची शैली आली. तिला 'क्रूनिंग' म्हणतात. ब्रिटनमध्ये ही शैली अल बोलीइतकी कुणालाच साधली नाही. तो शब्द ओढत नाही, दाखवत नाही, सांगतो. 'बोली' हे आडनाव त्याला शोभून दिसतं.

आज आपल्याला हे साधं वाटतं. अरिजित असो की हेडफोनवर ऐकलेला कुठलाही इंडी गायक, सगळे माइकजवळच गातात. पण तेव्हा हे अनेकांना फार बायकी, फार लाडिक वाटायचं. नाराजी इतकी टिकली की १९४२ मध्ये, ऐन युद्धात, बीबीसीने अशा अति भावुक गाण्यांवर आणि गायकांवर बंधनं आणणारं धोरण आखलं. म्हणजे ज्याला आज आपण 'जुना आवाज' म्हणतो, तो त्याच्या काळात नवीन गॅजेटवरचा नवा, वादग्रस्त आवाज होता.

सॅव्हॉयपासून फुटपाथपर्यंत

१९२८ मध्ये अल लंडनला आला. फ्रेड एलिझाल्डे या बँडप्रमुखाचा बँड तेव्हा सॅव्हॉय हॉटेलात वाजत होता, त्यात त्याला जागा मिळाली. सॅव्हॉय म्हणजे लंडनमधलं टॉपचं हॉटेल. झालं, आयुष्य सेट, असं वाटावं इतपत सगळं छान होतं.

आणि १९२९ ची मंदी आली. काम गेलं. त्यानंतर काही महिने हा सॅव्हॉयचा गायक लंडनच्या रस्त्यावर उभा राहून गात होता आणि येणारे-जाणारे टाकतील त्या नाण्यांवर जगत होता.

इथे क्षणभर थांबायला हवं. जुन्या डान्स म्युझिकचं नाव काढलं की डोळ्यांसमोर झुंबरं, सूट-बूट, सॅटिनचे गाऊन येतात. पण या संगीताचा सगळ्यात बहराचा काळ म्हणजेच ब्रिटनमधल्या मंदीचा काळ. १९३३ च्या सुरुवातीला तिथे बेकारांचा आकडा ३० लाखांच्या घरात होता. बड्या हॉटेलांत नाचणारे मूठभर होते. उरलेल्यांकडे रेडिओ आणि ग्रामोफोन होता. सॅव्हॉयच्या फ्लोअरवर पाऊल ठेवणं ज्यांना कधीच जमणार नव्हतं, ते घरातल्या टेबलखुर्च्या बाजूला सारून नाचत होते. चांदण्या रात्रीची, प्रेमाची गाणी तेव्हा का खपली, याचं उत्तर यात आहे. आणि ती गाणारा माणूस काही महिन्यांपूर्वी स्वतः फुटपाथवर उभा होता.

दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल

नोव्हेंबर १९३० मध्ये नशीब फिरलं. एचएमव्ही कंपनीच्या डान्स ऑर्केस्ट्राची सूत्रं रे नोबल या तरुण संगीतकाराकडे होती. तो स्वतः उत्तम गाणी लिहायचा आणि त्याला गायक हवा होता. अल त्याच्यासाठी रेकॉर्डिंग करू लागला. १९३१ मध्ये दुसरा करार झाला रॉय फॉक्सच्या बँडशी. हा बँड पिकॅडिलीतल्या मॉन्सिन्योर रेस्टॉरंटमध्ये वाजवायचा. पुढे त्याची सूत्रं पियानोवादक लू स्टोनकडे गेली.

आता अलचा दिनक्रम बघा. दिवसभर नोबलबरोबर स्टुडिओत तालीम आणि रेकॉर्डिंग, रात्री उशिरापर्यंत मॉन्सिन्योरमध्ये गाणं. तिथूनच बीबीसीचं थेट प्रसारण व्हायचं, त्यामुळे आवाज देशभर पोचला. मधल्या वेळेत इतर कंपन्यांसाठी वेगवेगळ्या बँडच्या नावाखालीही गाणी. चार वर्षांत त्याने ५०० हून जास्त गाणी रेकॉर्ड केली. हिशेब केला तर सरासरी तीन दिवसांत एक. ऑटोट्यून नाही, एडिटिंग नाही. मेणावर रेघ उमटत असताना कुणी चुकलं तर सगळ्या बँडने पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं.

नोव्हेंबर १९३१ मध्ये लंडनमध्ये एक नवा स्टुडिओ सुरू झाला, अ‍ॅबी रोड. बीटल्समुळे त्याच्यासमोरचं झेब्रा क्रॉसिंग आपण सगळे ओळखतो. बीटल्सच्या तीस वर्षं आधी तिथल्या माइकसमोर रे नोबलचा ऑर्केस्ट्रा आणि अल बोली उभे होते. 'गुडनाइट स्वीटहार्ट', 'लव्ह इज द स्वीटेस्ट थिंग', 'द व्हेरी थॉट ऑफ यू' ही नोबलची गाणी या चार वर्षांतलीच. 'द शायनिंग'च्या शेवटी वाजणारं 'मिडनाइट, द स्टार्स अँड यू' फेब्रुवारी १९३४ चं.

आता मुद्द्याची गोष्ट. यातल्या कितीतरी रेकॉर्ड्सच्या लेबलवर अल बोलीचं नावच नाही. वर ठळक अक्षरांत ऑर्केस्ट्राचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत फक्त 'व्होकल रिफ्रेन', म्हणजे 'मध्ये गाणं आहे' एवढी सूचना. कारण ही नाचाची रेकॉर्ड. तीन मिनिटांच्या बाजूत आधी बँड धून वाजवणार, मग गायक एकदा उठून मुखडा गाणार, खाली बसणार आणि पुन्हा बँड. गायक म्हणजे बँडमधलं आणखी एक वाद्य. नोबलचा 'न्यू मेफेअर डान्स ऑर्केस्ट्रा' तर कुठल्याही हॉटेलात वाजत नव्हता. वेगवेगळ्या नामवंत बँडमधले वादक स्टुडिओत जमायचे, रेकॉर्ड करायचे आणि आपापल्या हॉटेलात परत जायचे. म्हणजे जो बँड स्टेजवर अस्तित्वातच नव्हता त्याचं नाव लेबलवर आणि ज्याच्या गळ्यामुळे रेकॉर्ड खपते तो गायब.

आपल्याकडेही हे झालंय. १९४९ च्या 'महल'मधलं लताबाईंचं गाजलेलं गाणं रेकॉर्डवर आधी 'कामिनी'च्या, म्हणजे सिनेमातल्या पात्राच्या नावावर निघालं होतं. लताबाईंचं नाव पुढे लागलं आणि राहिलं. अलच्या बाबतीत तेवढा वेळच मिळाला नाही.

घरात मात्र चैन नव्हतं. डिसेंबर १९३१ मध्ये त्याचं पहिलं लग्न झालं आणि काही दिवसांतच मोडलं. तीन वर्षांनी, डिसेंबर १९३४ मध्ये, त्याने मार्जीशी लग्न केलं.

अमेरिका, आणि मग घसा

नोबल-बोली जोडीच्या रेकॉर्ड्स अमेरिकेत खपत होत्या. १९३४ मध्ये दोघे न्यूयॉर्कला गेले. तिथल्या वादकांच्या युनियनचा परदेशी वादकांना विरोध होता, म्हणून नोबलला आपला लंडनचा बँड नेता आला नाही. त्याच्यासोबत गेले फक्त अल आणि ड्रमर बिल हार्टी. नवा अमेरिकन बँड जमवून द्यायचं काम केलं एका ट्रॉम्बोनवादकाने. त्याचं नाव ग्लेन मिलर. हाच मिलर काही वर्षांनी अमेरिकेतला सगळ्यात लोकप्रिय बँडप्रमुख झाला. रॉकफेलर सेंटरच्या ६५ व्या मजल्यावरच्या रेनबो रूममध्ये अल गात होता. जोहान्सबर्गच्या सलूनमधला पोरगा न्यूयॉर्कच्या आभाळात पोचला होता.

पण अमेरिकेत त्याला बिंग क्रॉस्बी होता येणार नव्हतं, कारण बिंग क्रॉस्बी तिथे आधीच होता. सिनेमातल्या भूमिका छोट्या आणि त्यातही कात्री लागलेल्या. १९३७ च्या सुरुवातीला तो लंडनला परतला. दोन-अडीच वर्षांत लंडन पुढे गेलं होतं, नवे गायक आले होते. त्यातच घसा बिघडला. आत एक गाठ वाढली होती. ज्या माणसाचं सगळं भांडवल म्हणजे मऊ, स्वच्छ आवाज, त्याच्यासाठी हे काय असेल? शस्त्रक्रियेसाठी त्याला पुन्हा समुद्र ओलांडून न्यूयॉर्क गाठावं लागलं.

आवाज परत आला, पण जुनी जागा परत आली नाही. मॉन्सिन्योरचे दिवस संपले होते. मग गावोगावची थिएटरं, मिळेल त्या बँडबरोबर रेकॉर्डिंग, सतत प्रवास. युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये त्याने जिमी मेसीन या गायक-गिटारवादकाबरोबर जोडी जमवली. दोन माणसं, दोन गिटार, बस्स. एकेकाळी मागे अख्खा ऑर्केस्ट्रा असलेला गायक आता स्वतःची गिटार उचलून ट्रेनने गावोगाव फिरत होता. याच वर्षी त्याने केन जॉन्सनच्या वेस्ट इंडियन डान्स ऑर्केस्ट्राबरोबरही गाणी केली. ब्रिटिश गयानातून आलेल्या जॉन्सनचा हा बँड कृष्णवर्णीय वादकांचा होता आणि तेव्हाच्या लंडनमधल्या उत्तम बँडपैकी एक होता.

१७ एप्रिल १९४१

सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जर्मन विमानांचे बॉम्बहल्ले सुरू होते. तरी लोक नाचत होते. ८ मार्च १९४१ च्या रात्री कॅफे द पॅरिस या नाइटक्लबवर बॉम्ब पडला. केन जॉन्सनचा बँड तेव्हा स्टेजवर होता. तीसहून जास्त माणसं मेली, त्यात जॉन्सनही. तो २६ वर्षांचा होता.

२ एप्रिलला अल आणि मेसीन यांनी रेकॉर्डिंग केलं. त्यात हिटलरची टर उडवणारं एक गाणं होतं आणि संगीतकार होता अर्व्हिंग बर्लिन. कारकिर्दीच्या सुरुवातीला ज्याचं गाणं बर्लिन शहरात गायलं, त्याचंच गाणं शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये, बर्लिनमध्ये बसलेल्या हुकूमशहावर.

१६ एप्रिलला दोघांचा कार्यक्रम लंडनबाहेर हाय विकम गावात, रेक्स सिनेमात होता. कार्यक्रम झाला. रात्री तिथेच मुक्काम करा, असं दोघांना सुचवलं गेलं. अलने शेवटची ट्रेन पकडली आणि लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवरच्या आपल्या फ्लॅटवर परतला.

त्या रात्रीचा हल्ला लंडनवरच्या सगळ्यात मोठ्या हल्ल्यांपैकी एक होता. शहरात हजारांहून जास्त माणसं मेली. पहाटे तीनच्या सुमारास पॅराशूटला बांधलेला एक प्रचंड सुरुंग अलच्या इमारतीबाहेर फुटला. धक्क्याने बेडरूमचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि त्याच्या डोक्यावर आदळलं. अंगावर जखमेची खूणही नव्हती म्हणतात. अल बोली गेला तेव्हा त्याची चाळिशी नुकतीच उलटली होती.

त्या दिवसांत इतकी माणसं मरत होती की प्रत्येकाला वेगळी कबर देणं शक्य नव्हतं. देशातल्या सगळ्यात ओळखीच्या आवाजांपैकी एक असलेल्या या गायकाला पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या दफनभूमीत, बॉम्बहल्ल्यातल्या इतर बळींसोबत सामूहिक कबरीत पुरलं गेलं. रे नोबल तेव्हा अमेरिकेत होता. ग्लेन मिलरही युद्धातून वाचला नाही. डिसेंबर १९४४ मध्ये त्याचं विमान इंग्लिश खाडीवर बेपत्ता झालं.

खरखर कुणाची?

त्या रेकॉर्ड्सचा आणि आपला एक धागा आहे, तोही सांगायला हवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळ्या तबकड्या प्लास्टिकच्या नव्हत्या, लाखेच्या होत्या. आणि जगातल्या लाखेचा मोठा हिस्सा जायचा भारतातून. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या इवल्या किड्यांची लाख आपल्याकडच्या जंगलांतली माणसं गोळा करायची आणि ती कलकत्त्याच्या बंदरातून जगभर जायची. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळून तबकडी दाबली जायची. म्हणजे लंडनमधला आवाज ज्यात साठवला, ती वस्तू छोटा नागपूरच्या एखाद्या आदिवासी बाईच्या हाताखालून गेलेली असू शकते. तिचंही नाव कुठल्या लेबलवर नाही.

युद्धात लाखेचा तुटवडा झाला तेव्हा ब्रिटनमध्ये जुन्या रेकॉर्ड्स गोळा करून, दळून, नव्या बनवल्या गेल्या. कितीतरी गाणी अशी अक्षरशः चुऱ्यात गेली. मग एलपी आली, रॉक अँड रोल आला आणि ७८ च्या तबकड्या माळ्यावर गेल्या.

त्या माळ्यावरून खाली आल्या त्या नॉस्टॅल्जिया बनून. १९७८ मध्ये बीबीसीवर डेनिस पॉटरच्या 'पेनीज फ्रॉम हेवन' या मालिकेत अलच्या रेकॉर्ड्स वाजल्या. दोन वर्षांनी 'द शायनिंग' आला. कर्बीने 'द केअरटेकर' हे नाव घेतलं तेही त्याच सिनेमावरून. नोव्हेंबर २०१३ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवर, तो जिथे राहायचा त्या इमारतीवर निळी स्मृतिपाटी लागली. मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.

हे सगळं चांगलंच झालं. पण नॉस्टॅल्जिया एक गडबड करतो, तो वर्षं पुसतो. 'द शायनिंग'मधला तो फोटो ४ जुलै १९२१ चा आहे. त्यावर वाजणारं गाणं १९३४ चं. १९२१ मध्ये रेकॉर्डिंगला माइक नव्हता आणि अल बोलीने लंडन पाहिलंही नव्हतं, तो अजून दक्षिण आफ्रिकेतच होता. सिनेमाचं यात काही बिघडत नाही. 'जुनं' म्हटलं की सगळं जुनं एकाच पिशवीत जातं, एवढंच. त्या पिशवीत गेल्यावर मंदी दिसत नाही, फुटपाथ दिसत नाही, युनियनची बंदी दिसत नाही. ज्याला आपण अस्सल इंग्लिश समजतो तो ग्रीक-लेबनीज घरातला स्थलांतरित होता, हेही दिसत नाही.

खरखरीचंही तसंच. लाखेतल्या दगडाच्या भुकटीमुळे थोडी खरखर पहिल्या दिवसापासून होती आणि ती कमी करण्यासाठी तेव्हाचे इंजिनीअर जिवाचं रान करत होते. आज आपण ऐकतो ती बाकीची खरखर म्हणजे ऐंशी-नव्वद वर्षांची झीज, बोथट सुया, धूळ, ओरखडे. ती आपल्याला इतकी आवडते की अ‍ॅपमध्ये फिल्टर लावून आपण नव्या गाण्यांनाही देतो. अलने मात्र आपला आवाज माइकच्या जवळ नेला तो एकेक शब्द स्वच्छ पोचावा म्हणून.

त्याची गाणी आज सगळ्या म्युझिक अ‍ॅपवर आहेत, साफ केलेल्या आवृत्त्याही आहेत. आज रात्री इयरफोन लावून 'मिडनाइट, द स्टार्स अँड यू' ऐका, यावेळी भुतांशिवाय. सुरुवातीला बराच वेळ बँडच वाजेल. मग एक माणूस उठेल, आपल्या वाट्याचं गाईल आणि खाली बसेल. अशा क्लिप्सखाली हा गायक कोण म्हणून विचारणारं कुणी ना कुणी असतंच. आता उत्तर तुम्हाला माहीत आहे. १९३४ च्या लेबलवर जे नाव छापायचं राहिलं, ते कमेंटमध्ये लिहायला दोन सेकंद पुरतात.